एकशे तेरा मीटर

बाईंचं चाक कुणाला उसनं मिळत नसे. कॉलेजात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. काठीच्या टोकाला एक चाक, चाकाच्या आसाशी आकडे फिरणारी डबी. चाक एकदा पूर्ण फिरलं की एक मीटर. एवढंच ते यंत्र. पण बाई ते पुढे ढकलत मैदानाबाहेरच्या पायवाटेला लागल्या की बघणाऱ्याला वाटे, आता हिच्यापुढे झाडांनीही सरळ उभं राहावं.

बाई कॉलेजच्या धावपटू मुलींच्या प्रशिक्षक. वर्षातले सहा महिने ट्रॅक, सहा महिने क्रॉस कंट्री, आणि बाराही महिने मुलींच्या गुडघ्यांची चौकशी. अशी एकतीस वर्षं झाली. नोकरीला लागल्या तेव्हा त्या वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या. पळणाऱ्या मुलींना सांभाळायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो संघ त्यांच्या गळ्यात पडला. वसतिगृह पुढे सुटलं, संघ सुटला नाही. या काळात सहा क्रीडासंचालक आले आणि गेले. बाईंनी त्यातल्या एकालाही घालवलं नाही. ते जाईपर्यंत फक्त वाट पाहिली.

सातवे आले ते घड्याळसाहेब. हे नाव मुलींनी ठेवलं, पण बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे मंजूर केलं. साहेबांच्या मनगटावर पाटीएवढं घड्याळ असे. ते त्यांचे ठोके मोजी, झोप मोजी, पावलं मोजी, उपग्रहावरून अंतरही मोजी. बैठकीत मध्येच थरथरलं की साहेब बोलता बोलता उठून उभे राहत, कारण बराच वेळ बसलात असं ते सांगायचं. माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी पळायचा, वेळेवर यायचा, सह्या अडवायचा नाही. दोष एकच, की जे दिसत नाही ते नसतंच अशी त्याची खात्री होती. आणि क्रॉस कंट्री ही मुळातच न दिसणारी गोष्ट.

"ट्रॅक राहू दे, बाई," मंगळवारी त्यांनी आपल्या खोलीत बोलावून सांगितलं. "ट्रॅक बाकांवरून दिसतो. तुमच्या त्या मुली झाडांत शिरतात आणि बावीसपंचवीस मिनिटांनी चिखलात लोळल्यासारख्या बाहेर येतात. मधे काय झालं, कुणाला कळतं?"

"त्यांना कळतं."

"समितीला कळत नाही. शनिवारी बैठक आहे. क्रॉस कंट्री या वर्षाअखेर बंद करावी असा माझा प्रस्ताव आहे. तुमची संमती असेल तर गोडीगुलाबीनं होईल."

"आणि नसेल तर?"

साहेबांनी मनगट पुढे केलं. "गेल्या आठवड्यात मी तुमचा तो सहा किलोमीटरचा मार्ग पळालो. दोनदा. दोन्ही वेळा पाच किलोमीटर आठशे नव्वदच्या आसपास भरला."

बाई हसल्या. अगदी मोकळ्या मनानं हसल्या, कारण चाकावर त्यांचा जितका विश्वास होता तितका सख्ख्या भावावरही नव्हता. "झाडाखाली ही घड्याळं वळणं खातात, साहेब. पोरासोरांनाही माहीत आहे."

"असेल. मग मी ते समितीपुढे काढतच नाही. वऱ्हांड्यातला तो विक्रमांचा फलक आहे ना, तो नव्या सभागृहात दर्शनी भिंतीवर लावू. दहाही विक्रम, आणि वर ठळक अक्षरांत तुमचं नाव. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की माझी हरकत नाही." साहेब उठून उभे राहिले. घड्याळानं सांगितलं म्हणून की बोलणं संपलं म्हणून, ते कळलं नाही. "फलक तुम्हाला, मैदान आम्हाला. यात तुमचं नुकसान काय?"

बाई घरी आल्या त्या तणतणतच. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन. आयुष्यभर लोकांच्या छात्या, कंबरा मोजत आणि खोटी आश्वासनं ऐकत आलेला माणूस. गिऱ्हाईक पोट आत घेऊन उभं राहिलं तरी खरं माप वहीत लिहायचा. त्यानं पायडलवरचा पाय न काढता सगळं ऐकून घेतलं.

"मग मोजून दाखव की," तो म्हणाला.

"मोजलेलंच आहे."

"पुन्हा मोज. चाकानं नको, टेपनं. पोलादी टेप. ते घड्याळ खोटं पडलं की तो माणूस आपोआप गप्प बसेल."

बाईंना हे पटलं. साहेबांना तोंडावर पाडायचं तर निर्विवाद पाडावं. बुधवारी पहाटे दोघं निघाली. पन्नास मीटरचा पोलादी टेप, खुणेला खडू आणि थर्मासभर चहा. एक टोक बाईंनी धरायचं, दुसरं शिंप्यानं. पन्नास झाले की खूण, पुन्हा पन्नास. वळणावर टेप तुकड्यातुकड्यानं टाकायचा. शिंपी प्रत्येक खुणेला वाकून बघे, जणू जमिनीच्या बाहीचं माप घेतोय.

"सैल सोडू नका, अहो."

"तू ओढू नकोस. ओढलेलं माप मापच नसतं."

सहा हजारांत पन्नास एकशे वीस वेळा जातात, हे बाईंना तोंडपाठ. एकशे सतरावी खूण झाली, आणि समोर सदतीस मीटरवर शेवटचं निशाण दिसलं. शिंपी टेपचं टोक घेऊन निशाणापर्यंत चालत गेला.

पाच हजार आठशे सत्याऐंशी. एकशे तेरा मीटर कमी.

गुरुवारी पहाटे त्यांनी पुन्हा मोजलं. पाच हजार आठशे सत्याऐंशी.

त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाक आडवं पडलं होतं आणि शिंपी आपला कापडी टेप त्याच्या कडेभोवती गुंडाळून बसला होता. गुंडाळलं, पाहिलं, सोडलं. पुन्हा गुंडाळलं. मग त्यानं टेप गळ्यात टाकला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे रबर कधी बसवलं आपण?"

"नऊ वर्षं झाली. नवीन ग्रंथालयासाठी जुना मार्ग तोडला तेव्हा. मूळचं फाटलं म्हणून तुम्हीच सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून दिलीत."

"मूळचं किती जाड होतं?"

बाईंना ते सांगायची गरज पडली नाही. शिंप्याच्या डब्यात जुन्या रबराचा तुकडा होताच. हा माणूस कशाचाही तुकडा टाकून देत नसे. मूळचं पाच मिलिमीटर. ट्यूबची पट्टी दोन. चाक सगळीकडून तीन मिलिमीटरनं बारीक झालं होतं. एका फेऱ्यात मीटरला दोनेक सेंटीमीटर कमी, आणि डबी आपली प्रामाणिकपणे मीटरच मोजत होती. असे सहा हजार फेरे.

"इंचाचा आठवा भाग," शिंपी म्हणाला. "मी. मी इंचाचा आठवा भाग सोडला." गिऱ्हाइकाचं लग्नातलं जाकीट बगलेत काचलं असतं तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता. "माझी चूक आहे, सांग त्यांना तसं."

"तुमची कशी? चाक माझं. नवीन पट्टी लावल्यावर ताडून बघायचं काम माझं. नऊ वर्षं मी लोकांना सांगत हिंडले की माझ्या चाकाला हात लावू नका. लावला असता कुणी, तर बरं झालं असतं."

साहेबांनी मंगळवारी काय काय मांडलं होतं ते आता बाईंना नीट दिसायला लागलं. फलकावर दहा विक्रम. त्यातले सात गेल्या नऊ वर्षांतले. साहेबांना नुसता संशय होता. खात्री फक्त या टेबलाला होती. बाई गप्प राहिल्या तर फलक राहणार, नाव राहणार, दोन वर्षांनी निवृत्तीचा हार गळ्यात पडणार, आणि झाडांतून पळणारी एकही मुलगी उरणार नाही. बाई गप्प राहिल्या नाहीत, तर साहेबांच्या हातात आयतंच कोलीत.

"तो फलक दाखवून मला गप्प बसवतोय," बाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे फलक माझ्याकडे आहे तोवरच त्याचं माझ्यावर चालतं."

शिंप्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात ही चाल त्याला ओळखू येत होती. बायकोची मान अशी झाली, की ती कुणाचंही ऐकणार नाही आणि आपण चहा टाकावा, असा त्याचा अनुभव होता. त्यानं चहा टाकला.

पहिला फोन भिंगरीला. फलकावरचं पहिलं नाव तिचं: सहा किलोमीटर, बावीस मिनिटं चार सेकंद. आता तिचं औषधांचं दुकान होतं आणि दोन मुलं, पण बाईंच्या तोंडी ती भिंगरीच.

"बाई, गिऱ्हाईक उभं आहे, लवकर बोला. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तुझा विक्रम गेला."

"कुणी मोडला?"

"मीच." बाईंनी चाक, ट्यूब, तीन मिलिमीटर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे कुणीतरी खोकल्याच्या औषधाचं विचारत होतं. भिंगरीनं त्याला थांबवलं. "एकशे तेरा? बाई, मी त्या दिवशी शेवटच्या वळणावर ओकले होते. तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय."

"म्हणजे मी एकशे तेरा मीटर आधीच ओकायला हवं होतं का नंतर?"

बाईंनी तयारी केली होती ती भिंगरीच्या रडण्याची.

"रागावले आहे मी," भिंगरी म्हणाली. "माझ्या पोरांना दाखवायला तो फलक एवढंच होतं. दुकान बघून ती काय शिकणार? पण दुसऱ्या नंबरची माझ्यामागे किती होती?"

"अकरा सेकंद."

"तीही एकशे तेरा मीटर कमीच पळाली ना? मग ते अकरा माझेच. त्याला हात लावायचा नाही कुणी. लावली पट्टी कुणी?"

"आमच्या यांनी."

"त्यांनी माझ्या लग्नाचा ब्लाउजही तंग केला होता," भिंगरी म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

मग बाकीच्या सहा जणींना फोन झाले, आणि त्यानंतर बाईंनी तीन कॉलेजांना फोन केले. हे सर्वांत अवघड काम. कारण त्या तिन्ही कॉलेजांनी आपापले मार्ग मोजायला बाईंनाच मानानं बोलावलं होतं, आणि बाई मोठ्या दिमाखात चाक घेऊन गेल्या होत्या. एक प्रशिक्षक हसला, एक चिडला, तिसऱ्यानं विचारलं, "कुणाला माहीत आहे का हे?" बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला आहे."

शुक्रवारी दुपारी वऱ्हांड्यात वर्दळ असताना बाई स्टुलावर चढल्या. प्रत्येक विक्रमाची पितळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली. एकेक करत सात पट्ट्या उतरल्या. येणारे जाणारे थांबले, कुणी विचारलंही. बाई प्रत्येकाला सारखंच उत्तर देत होत्या: "मार्ग आखूड निघाला. माझ्या हातून." शिपायानं स्टूल धरलं होतं. संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं.

साहेब वऱ्हांड्यातून गेले, फलकापुढे क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

समितीचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. समोरचा बोलायला लागला, की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांवरून घसरून दातांवर जाई. त्यामुळे त्यांच्यापुढे लोक थोडक्यात बोलत. बाकी चौघे सदस्य टेबलाच्या दोन बाजूंना. साहेबांनी कागद वाटले होते. बाईंनी आपल्या चुकीचा लेखी कागद अध्यक्षांपुढे सरकवला, रुमालात बांधलेल्या सात पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि गाठ सोडली.

"येताना पाहिला मी फलक," अध्यक्ष म्हणाले. "सगळे पुढचे दात काढल्यासारखा दिसतोय."

"किडलेले होते," बाई म्हणाल्या. आणि एकशे तेरा मीटरची गोष्ट त्यांनी उभ्या उभ्या सांगितली. कुणाचंही नाव पुढे न करता. पट्टी कुणी लावली ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

साहेब जरा गोंधळले. ज्या हत्याराचा नुसता धाक दाखवायचा तेच समोरच्या माणसानं टेबलावर आणून ठेवलं, की असं होतं. पण ते लवकर सावरले. "याचा अर्थच असा, की नऊ वर्षं या संघाची कामगिरी खोटी होती."

"वेळा खोट्या होत्या."

"तेच ते."

"नाही साहेब, तेच नाही." बाई अजून उभ्याच होत्या. "क्रॉस कंट्रीत वेळेला कुणी विचारत नाही. सात जणी पळतात, पहिल्या पाचांचे क्रमांक धरतात. तिसरी, आठवी, बारावी, जो येईल तो. पाचांची बेरीज करायची, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकला. मार्ग आखूड होता तो सगळ्यांनाच आखूड होता. माझ्या मुलींना मी मागच्या दारानं नेलं नाही."

"बाहेरच्या तीन कॉलेजांचे मार्गही तुम्हीच मोजलेत."

"हो. तिघांना गुरुवारी कळवलं. त्यांच्याकडेही आम्ही पळालो, आणि तिथल्या मुलींएवढंच पळालो. गेल्या नऊ वर्षांत विभागीय स्पर्धेत सहा वेळा पहिल्या चारांत. बेरजा तुमच्याच कपाटात आहेत. मी नाही लिहिल्या, पंचांनी लिहिल्या."

टेबलाच्या डाव्या बाजूच्या सदस्यानं विचारलं, "पण बघायला काय आहे त्यात? माणसं येत नाहीत."

"पाचवी आहे," बाई म्हणाल्या. "या, एकदा निशाणापाशी उभे राहा. पहिली येते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. आम्ही तिथेच उभे. चौघी आल्या, पाचवी यायचीय. तिच्या पायात पेटके आलेत, तिला कुणी ओळखत नाही, आणि ती किती जणींना मागे टाकून येते त्यावर सगळ्यांचं ठरतं. एकतीस वर्षं मी पाचवीचीच तयारी करून घेतली. पहिली काय, कुठेही घातली तरी पळते."

अध्यक्ष त्यांच्या दातांकडे बघायचे थांबले होते. "मग आता बंद करण्याचं कारण काय उरलं?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"विश्वास, सर. ज्यांनी नऊ वर्षं चुकीचं माप दिलं, त्यांच्या हाती..." साहेब उठून उभे राहिले आणि आपण का उठलो ते लक्षात येऊन पुन्हा बसले. "निदान अटी घालाव्यात. बाईंनी लेखी माफी मागावी, आणि पुढच्या वर्षी विभागात पहिल्या तिनात येण्याची हमी द्यावी. नाही आल्या तर संघ बंद."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. इथे मान तुकवली असती तर काम सोपं होतं. शिंपी खाली जिन्याशी उभा होता आणि निघताना त्यानं एवढंच सांगितलं होतं, की रागाच्या भरात फाडू नकोस, उसवलेलं पुन्हा शिवता येतं.

"चूक झाली हे लेखी देते," बाई म्हणाल्या. "दिलेलंच आहे, तुमच्या पुढ्यात कागद आहे. माफी ज्यांची मागायची त्या सात जणींची मागून झाली. समितीला मी फसवलं नाही, तेव्हा समितीची मागणार नाही. आणि पहिल्या तिनाची हमी कुठलाच शहाणा प्रशिक्षक देत नाही. दिली तर तो थापा मारतोय असं समजा. पाच जणी धडधाकट पोचतील एवढं लिहून देते. सही आत्ता करते."

"हे उद्धटपणाचं आहे," साहेब म्हणाले.

"असेल. पण बरोबर मोजलेलं आहे."

बाईंना बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बाक होता, पण त्या उभ्याच राहिल्या. बारा मिनिटं लागली. आतून आवाज येत होते, शब्द येत नव्हते. आपण इतक्या शर्यतींच्या शेवटी उभ्या राहिलो आणि आज पहिल्यांदा आपल्या हातात काही नाही, असं बाईंना वाटलं. मग वाटलं, तेव्हाही हातात काय होतं? ओरडणं सोडून?

तीन विरुद्ध दोन. दार उघडून अध्यक्ष स्वतः बाहेर आले. "अटी नाहीत," ते म्हणाले. "मार्ग बाहेरच्या माणसाकडून मोजून घ्यायचा, एवढंच. आणि फलक सभागृहात जाणार नाही."

"न जाऊ दे."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," बाई म्हणाल्या. "पण ते माझं मी बघते."

खाली जिन्याशी शिंप्याभोवती संघातल्या मुली गोळा झाल्या होत्या. अकरा जणी, सगळ्या पळायच्या बुटांत. कुणी सांगितलं होतं यांना यायला, देव जाणे. शिंपी त्यांना काहीतरी सांगत होता आणि त्या ऐकत नव्हत्या. बाई उतरताना दिसल्या तशा सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि एकदम थांबल्या.

"बाई, काय झालं?"

"काय व्हायचंय? सोमवारपासून एकशे तेरा मीटर जास्त पळायचं."

"आणखी?" मागून एक कळवळली. "आधीच त्या ओहोळापाशी जीव जातो. कुठे टाकणार ते?"

"चढावर."

"सपाटीवर टाका ना, बाई. ग्रंथालयामागे केवढी जागा आहे."

"आहे खरी. पण चढच बरा."

मुली कुरकुरायला लागल्या. बाईंनी कुरकुर पूर्ण ऐकून घेतली. इतकी गोड कुरकुर त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मग त्यांच्यातली एक, जिला हिशेब जरा उशिरानं कळतो, थांबून म्हणाली, "म्हणजे बाई, संघ राहिला?"

"मग काय मी एकटी पळणार आहे चढावर?" बाई म्हणाल्या. "बूट घातलेत ना? मग इथे उभ्या का? दोन फेऱ्या. सावकाश. आणि तुम्ही, अहो, तो पोलादी टेप काढा, बाहेरचा माणूस येईपर्यंत चढावर खुणा तरी करू."